पिकअपवर छापलेले किलोओम आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा आवाज

प्रश्न थोडक्यात असा: स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारवर सिंगल कॉइल पिकअपचा, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या, चुंबकाभोवती तारेचं एकच वेटोळं असलेल्या भागांचा, नवा संच बसवायचा आहे. एका संचावर ६.० किलोओम लिहिलंय, दुसऱ्यावर ७.५. दुसरा जास्त ‘हॉट’, म्हणजे जोरदार आउटपुटचा, असेल का? आणि सध्याचे २५० किलोओमचे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रेझिस्टर) काढून ५०० चे लावले तर आवाज खुलेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांवरून देताच येत नाही. किलोओमचा आकडा म्हणजे तारेचा डीसी रेझिस्टन्स. तो तारेच्या लांबीवर आणि जाडीवर ठरतो. पिकअपमध्ये सर्रास वापरली जाणारी ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते आणि ४३ गेजची ०.०५६. फरक केसाच्याही अंशाचा, पण रेझिस्टन्स क्षेत्रफळावर ठरत असल्यामुळे तेवढ्याच लांबीच्या ४३ च्या तारेचा रेझिस्टन्स सुमारे सव्वापट भरतो. म्हणजे ४२ च्या तारेने ६.० किलोओम येणारं पिकअप तेवढेच वेढे ठेवून ४३ च्या तारेने गुंडाळलं, तर मीटर ७.५ च्या आसपास दाखवेल. वेढे तेवढेच, आउटपुट तेवढंच, आवाजही जवळपास तोच.

आता दुसरी शक्यता बघा. ७.५ किलोओमचं पिकअपही ४२ च्याच तारेचं असेल, तर वेढे खरोखरच वीस-बावीस टक्क्यांनी जास्त आहेत. आउटपुट वेढ्यांच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दीड-पावणेदोन डेसिबल. इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा होणारा विरोध, हेन्रीत मोजतात) मात्र वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळपास दीडपट होतो. हे पिकअप वेगळंच वाजेल. छापलेला आकडा तोच असताना ही दोन उत्तरं येतात. म्हणून विक्रेत्याला किलोओम विचारून थांबू नका. तारेचा गेज विचारा, आणि त्याहून चांगलं म्हणजे हेन्रीमधला इंडक्टन्स विचारा.

हा आकडा किती फसवा आहे ते पाहायचं तर टेलिकास्टरचं (टेलीचं) नेक, म्हणजे गळ्याजवळचं पिकअप, जुन्या धाटणीचं पीएएफ हमबकर (गुणगुण रद्द करणारं दोन कॉइलचं गिब्सनचं पिकअप) आणि पी-९० (गिब्सनचं रुंद सिंगल कॉइल) ही तीन पिकअप शेजारी ठेवा. तिन्हींचा रेझिस्टन्स साधारण साडेसात ते आठ किलोओम. पण टेलीच्या नेकचा इंडक्टन्स २ हेन्रीच्या आसपास, हमबकरचा साधारण ४.४ आणि पी-९० चा साडेसहाच्या घरात. मल्टिमीटरला ही तिन्ही सारखीच वाटतात, पण कानाला ती सारखी आहेत असं कुणी म्हणणार नाही.

असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कॉइल म्हणजे नुसता रेझिस्टन्स नव्हे. सिग्नलच्या वाटेत इंडक्टन्स आणि रेझिस्टन्स एकामागे एक बसलेले असतात, आणि या जोडीला आडवा, म्हणजे हॉट (सिग्नलचं) टोक आणि अर्थ यांच्यामध्ये, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो. वेढ्यावेढ्यांमधला कपॅसिटन्स साध्या सिंगल कॉइलमध्ये शे-सव्वाशे पिकोफॅरड भरतो. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स मिळून लो-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा) फिल्टर तयार होतो, आणि त्याच्या कडेवर, आवाज खाली घसरायच्या आधी, एक उंचवटा येतो. हाच रेझोनन्सचा पीक. पीकच्या खालचं सगळं साधारण सपाट जातं, पीकपाशी आवाज उचलला जातो आणि त्यापुढे दर सप्तकाला १२ डेसिबलने कोसळतो. पिकअपचा म्हणून जो स्वभाव आपण ओळखतो, तो मुख्यतः हा पीक कुठे आहे आणि किती उंच आहे यावर ठरतो.

सूत्र सोपं आहे: फ्रिक्वेन्सी = १ ÷ (२ × पाय × √(इंडक्टन्स × कपॅसिटन्स)). इंडक्टन्स हेन्रीत आणि कपॅसिटन्स फॅरडमध्ये घालायचा.

यात स्ट्रॅटच्या साध्या सिंगल कॉइलचे २.४ हेन्री आणि १२० पिकोफॅरड घालून पाहा. उत्तर येतं सुमारे ९४०० हर्ट्झ. गिटार अॅम्पचा स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे वेगाने उतरतो, त्यामुळे तिथला पीक ऐकूच यायला नको. पण पिकअप एकटं कधी वाजत नाही. साध्या गिटार केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असतो. पाच मीटरची केबल लावली की एकूण ६२० पिकोफॅरड होतात आणि पीक थेट ४१०० हर्ट्झवर उतरतो, जिथे माणसाचा कान सर्वात तिखट असतो. स्ट्रॅटची ती काचेसारखी धार तिथून येते. तेवढ्याच केबलवर टेलीचं नेक पिकअप ४५०० हर्ट्झला येतं, ४.४ हेन्रीचं हमबकर ३००० ला आणि साडेसहा हेन्रीचं पी-९० साधारण २५०० ला. आठ हेन्रीचं जोरदार गुंडाळलेलं हमबकर स्वतःचाच कपॅसिटन्स जास्त घेऊन येतं, त्यामुळे ते २१०० च्या आसपास पोचतं. मग त्याचा आवाज जाड आणि पुढे आलेला वाटतो, पण प्लेक्ट्रमच्या (तार छेडायच्या पट्टीच्या) टोकाचा ‘टक्’ हरवलेला असतो. अॅम्पचं ट्रेबल कितीही वाढवलं तरी तो परत येत नाही, कारण दर सप्तकाला १२ डेसिबलने गेलेलं ट्रेबल नॉबने भरून काढता येत नाही. ते वाढवायला जाल तर आधी खरखर वाढेल.

यातून एक गोष्ट सरळ निघते. पिकअप, पॉट, केबल आणि अॅम्पचं इनपुट हे सगळं मिळून एकच सर्किट आहे. तीन मीटरच्या केबलवर २.४ हेन्रीच्या पिकअपचा पीक ५००० हर्ट्झला असतो आणि सहा मीटरच्या केबलवर ३८०० ला. पिकअप बदलण्यावर पैसे घालण्याआधी केबलची लांबी बदलून पाहावी, असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी. ‘हाताने गुंडाळलेलं’, वेढे विस्कटून टाकलेलं पिकअप म्हणून जे विकलं जातं, त्यात कॉइलचा कपॅसिटन्स खरोखर कमी होतो, पण काही दहा पिकोफॅरडनेच. तेवढा फरक फूटभर केबल कमी केल्यानेही पडतो. गिटारच्या आतल्या जाळीदार शिल्डच्या वायरचाही यात वाटा असतो. ती लागेल तेवढीच ठेवावी, गुंडाळी करून पोकळीत कोंबू नये.

केबलचा हा परिणाम पहिल्या बफरपर्यंतच, म्हणजे पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळं करणाऱ्या छोट्या सर्किटपर्यंतच, असतो. पेडलबोर्डवर पहिलंच पेडल बफर असलेलं असेल, तर त्यापुढची दहा मीटर केबल पिकअपला दिसतच नाही. सगळी पेडल ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी) असतील, तर गिटारपासून अॅम्पपर्यंतची प्रत्येक वायर पिकअपच्या खांद्यावर बसते. स्टेजवर आवाज दबलेला वाटतो आणि घरी बरा वाटतो, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. याच्या उलट, काही जुन्या धाटणीच्या फझ पेडलचं (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचं) इनपुट इतक्या कमी इम्पीडन्सचं, म्हणजे अडथळ्याचं, असतं की पीक पूर्ण झोपतो. त्या फझचा गुळगुळीत आवाज त्यातूनच येतो. म्हणून अशा फझच्या आधी बफर ठेवला की फझ कर्कश होतो.

आता पॉटचा प्रश्न. पीक कुठे पडतो ते इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स ठरवतात, आणि तो किती उंच उठतो ते पॉट ठरवतात. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना त्याचे २५० किलोओम पिकअपच्या दोन टोकांवर आडवे असतात. टोन १० वर असला तरी त्याचेही २५० आडवेच असतात, कारण चार हजार हर्ट्झला टोनच्या कॅपॅसिटरचा अडथळा दोनेक किलोओमचाच उरतो. दोन्ही मिळून १२५, आणि अॅम्पचा नेहमीचा १ मेगाओम जोडून १११ किलोओम. २.४ हेन्री आणि ६२० पिकोफॅरडला हा भार दिला, तर कागदावर पीक साधारण साडेतीन डेसिबलचा येतो. दोन्ही पॉट ५०० चे केले की भार २०० किलोओमचा होतो आणि पीक पावणेआठ डेसिबलवर जातो. प्रत्यक्षात धातूच्या भागांमुळे दोन्ही आकडे थोडे खाली येतात, पण फरक मोठाच राहतो.

म्हणजे ५०० चे पॉट लावले की आवाज खुलेल, हे खरं. पण खुलेल तो ४१०० हर्ट्झच्या टोकदार उंचवट्याने. स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपवर, स्वच्छ अॅम्पमध्ये, तो बहुतेकांना टोचतो. हमबकरवर हाच हिशेब केला तर ५०० च्या पॉटवर पीक साडेपाच डेसिबलचा येतो आणि २५० च्या पॉटवर जेमतेम दीडचा. म्हणून हमबकरला ५०० आणि सिंगल कॉइलला २५० हा रिवाज पडला. त्यामागे हिशेब आहे, नुसती परंपरा नाही. फेंडरने १९५८ च्या जॅझमास्टरच्या मुख्य सर्किटला १ मेगाओमचे पॉट दिले होते. त्याची चमक कुठून येते हे आता वेगळं सांगायला नको.

माझा सल्ला असा की दोन्ही पॉट एकदम बदलू नका. आधी फक्त टोनची वायर व्हॉल्यूमपासून सुटी करून वाजवून पाहा. भार १११ वरून २०० किलोओमवर जातो, म्हणजे दोन्ही ५०० चे पॉट लावल्यासारखंच होतं. आवडलं तर १० वर आल्यावर सर्किटमधून बाहेर पडणारा ‘नो-लोड’ टोन पॉट बसवा. नाही आवडलं तर वायर परत जोडा, काही वाया गेलं नाही. पॉट विकत घेतलाच तर आधी मीटरने मोजा. वीस टक्क्यांचा कमी-जास्तपणा धरून बनवलेला २५० चा पॉट २०० ही निघतो आणि ३०० ही. ‘अमुक कंपनीच्या पॉटने आवाज बदलला’ या अनुभवामागे बऱ्याचदा एवढंच असतं. हमबकर आणि सिंगल कॉइल एकाच गिटारवर असतील तर पॉट ५०० चे ठेवा, आणि सिलेक्टर स्विचवर सिंगल कॉइलच्या टोकापासून अर्थला ४७० किलोओमचा रेझिस्टर लावा. त्या पिकअपपुरता व्हॉल्यूम पॉट २४२ किलोओमचा झाल्यासारखा वागतो.

टोन नॉबबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, की तो फक्त ट्रेबल कापतो. १० वरून खाली येताना आधी पीक चपटा होतो. मध्ये कुठेतरी आवाज अगदी सपाट, निर्जीव लागतो. पुढे शून्याकडे जाताना टोनचा कॅपॅसिटर पिकअपला थेट जोडला जातो आणि नवा पीक उभा राहतो, खूप खाली. २२ नॅनोफॅरडवर २.४ हेन्रीचं पिकअप ६९० हर्ट्झला पीक देतं, ४७ नॅनोफॅरडवर ४७० ला. हमबकर आणि २२ नॅनोफॅरड या जोडीचा पीक ५१० हर्ट्झच्या आसपास येतो. ओव्हरड्राइव्हमध्ये टोन शून्यावर ठेवून वाजवलेला तो घशातून आल्यासारखा आवाज हाच. ‘टोन शून्यावर नुसता चिखल होतो’ असं वाटत असेल तर १० किंवा १५ नॅनोफॅरड लावून पाहा, नॉबचा सगळा प्रवास उपयोगी पडायला लागतो. कॅपॅसिटर कागद-तेलाचा, फिल्मचा की सिरॅमिकचा यावर वाद घालण्यापेक्षा त्याची व्हॅल्यू मोजा. दोन कॅपॅसिटर वेगळे वाजले तर बहुतेक वेळा त्यांच्या व्हॅल्यूच वेगळ्या निघतात.

व्हॉल्यूम थोडा कमी केला की धार जाते, त्याचं कारण वेगळं आहे. नॉब अर्ध्यावर असताना पॉटचा रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो, ५०० च्या पॉटवर जास्तीत जास्त १२५ किलोओम. त्यापुढे केबलचे ५०० पिकोफॅरड असले की २५०० हर्ट्झपासूनच घसरण सुरू होते. २५० च्या पॉटवर तीच घसरण ५००० ला सुरू होते. ५०० चे पॉट लावणाऱ्यांनी हा हिशेब आधी धरावा. उपाय म्हणून व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या टोकांमध्ये ६८० पिकोफॅरड आणि १५० किलोओम समांतर लावतात. नुसता कॅपॅसिटर लावला तर व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज पातळ होत जातो.

धातूच्या भागांकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला वाटतं तिथेच मोठी चूक होते. कॉइलच्या आत किंवा भोवती विद्युतवाहक धातू असला की त्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे प्रवाह) फिरतात आणि ते पीकमधली ऊर्जा खातात. हमबकरचं झाकण निकेल सिल्व्हरचं असेल तर फटका थोडा बसतो, कारण त्या मिश्रधातूतून वीज कमी वाहते. पितळेतून ती कित्येक पट सहज वाहते, म्हणून वर मुलामा दिलेलं स्वस्त पितळी झाकण पीक दाबून टाकतं. वरून दोन्ही सारखीच चकचकीत दिसतात. शंका असेल तर झाकणाच्या मागच्या बाजूला जरासं घासून पाहा: पिवळं दिसलं तर पितळ. असं झाकण काढलं, तर पिकअपला हातही न लावता नवं पिकअप घेतल्याइतका फरक पडू शकतो. काढताना मात्र दोन्ही बाजूंचा सोल्डर पूर्ण शोषून घ्या आणि झाकण सरळ वर उचला. तिरकं ओढलं तर कॉइलची बाहेरची तार झाकणाला चिकटून तुटते.

लोखंडी पोलही (प्रत्येक तारेखाली कॉइलमध्ये उभे असलेले दांडे) असेच वागतात. अल्निको चुंबकाचे दांडेच पोल असलेल्या पिकअपपेक्षा, खाली सिरॅमिक चुंबक आणि वर लोखंडी पोल असलेल्या पिकअपचा इंडक्टन्स तेवढ्याच वेढ्यांना जास्त भरतो आणि पीक बसका असतो. स्वस्त गिटारवरच्या सिंगल कॉइलचा ‘बोथट’ आवाज बऱ्याचदा इथून येतो. दोष सिरॅमिकला दिला जातो, पण करणी लोखंडाची असते.

हमबकरच्या दोन कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडल्या की इंडक्टन्स चौथ्या हिश्श्यावर येतो आणि पीक दुप्पट वर जातो, ३००० वरून ६००० ला. गुणगुण रद्द होणं मात्र तसंच राहतं. एकच कॉइल ठेवली तर इंडक्टन्स निम्मा होतो, पीक ४३०० च्या आसपास येतो, पण गुणगुण परत येते. आउटपुट दोन्हीकडे साधारण निम्मं होतं. मला स्वतःला पॅरलल जोडणी जास्त उपयोगाची वाटते.

आता मोजायचं कसं. मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजायला हरकत नाही, पण तो निदानासाठी. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर तार तुटली आहे. असं पिकअप कधी कधी बारीक, किरटा आवाज देत राहतं, कारण तुटलेल्या ठिकाणातून कपॅसिटन्समुळे उंच फ्रिक्वेन्सी गळत राहतात. याच्या उलट, काही वेढे आपापसांत शॉर्ट झाले तर रेझिस्टन्स जेमतेम बदलतो, पण पीक मरतो आणि इंडक्टन्स पडतो. जॅकवरून मोजलंत तर व्हॉल्यूमचा पॉट समांतर येतो आणि ६.०० चे ५.८६ दिसतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० अंशांना ८.० दाखवणारं पिकअप ३० अंशांना ८.३ दाखवतं. दशांशाच्या फरकावरून पिकअप निवडू नये, त्याचं हेही एक कारण.

इंडक्टन्ससाठी एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजणारा) लागतो. तो १०० किंवा १२० हर्ट्झवर ठेवा आणि सिरीज मोड निवडा. इथे चूक केली तर आकडा भलतीकडेच जातो. २.४ हेन्री आणि ६ किलोओमचं पिकअप १०० हर्ट्झला पॅरलल मोडमध्ये सुमारे ४० हेन्री दाखवेल. मीटर बिघडलेला नसतो, प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. पिकअपचा स्वतःचा कपॅसिटन्स मीटरने थेट मोजता येत नाही. त्यासाठी पिकअपवर छोटी कॉइल ठेवून सिग्नल जनरेटरने चालवा, दहापट प्रोबने आउटपुट पाहा आणि पीकची फ्रिक्वेन्सी नोंदवा. मग ४७० पिकोफॅरड समांतर लावून परत नोंदवा. ९३८० चा पीक ४२३० वर आला, तर ४७० × ४२३०² ÷ (९३८०² − ४२३०²) म्हणजे १२० पिकोफॅरड. यात प्रोबचेही दहा-पंधरा पिकोफॅरड धरलेले आहेत, ते वजा करा.

एवढं साहित्य नसेल तरी एक प्रयोग कुणालाही जमतो. ४७० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर घ्या, दोन्ही पायांना मगर क्लिप लावा आणि जॅकच्या मागे हॉट आणि अर्थ यांच्यामध्ये अडकवा. व्हॉल्यूम, टोन पूर्ण उघडे ठेवा, तीन मीटरची केबल वापरा. उघडी तिसरी तार छेडा, मग कॅपॅसिटर काढून परत छेडा. पीक जवळपास ३४०० वरून ५००० वर उडी मारतो. प्रश्नातल्या ७.५ किलोओमच्या संचात वेढे खरोखरच जास्त असतील, तर पाच मीटरच्या केबलवर त्याचा पीकही ३४०० च्या जवळच बसणार आहे. कॅपॅसिटर लावलेला आवाज तुम्हाला आवडला तर तो संच घ्या. नाही आवडला तर ६.० चा घ्या. आणि आउटपुट कमी वाटत असेल तर आधी उंची बघा: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, पोलपासून जाड तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २.० पासून सुरुवात करा, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वर आणा. वरच्या फ्रेटवर जाड तारेचा सूर डगमगायला लागला की चुंबक तार ओढतोय असं समजा आणि एक फेरा परत खाली घ्या.